मंगळवार पेठेतल्या साउंडवाल्या मामांचा प्रोजेक्टर: दोन फायनल, एक भाडं

फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला की पेठेतले आणि पेठेबाहेरचे ओळखीचे लोक हमखास विचारतात, "वहिनी, तो प्रोजेक्टर कुणाकडनं आणलावता? चांगला हाय काय?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगते: पाचपैकी चार. एक गुण पडद्यासाठी कापलाय, त्याचं कारण पुढे येईल.

दुकान कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका बोळात तळमजल्यावर आहे. बाहेर पाटी नाही. शटर अर्धं वर असलं तर मामा आत आहेत, पूर्ण खाली असलं तर ऑर्डरवर गेलेत असं समजायचं. मंडप, लाइट, साउंड हा मूळ धंदा. गणपती, लग्नं, तालमींचे कार्यक्रम. प्रोजेक्टर घरोघरी भाड्यानं द्यायचं त्यांनी कोरोनात सुरू केलं, कारण दुसरं काही चालूच नव्हतं. मिरवणूक नाही, लग्नाला माणसं मोजून, मग साउंड लावायचा कुणासाठी? स्पीकरच्या भिंती गोदामात ताडपत्रीखाली पडून होत्या. मामांनी त्यातले दोन लहान स्पीकर, एक छोटा मिक्सर, एक प्रोजेक्टर आणि दोरीनं ताणायचा पडदा असं घरगुती पॅकेज काढलं. 2021 च्या जुलैत त्यांनी आमच्याकडून शनिवार दुपार ते सोमवार सकाळचे पंधराशे रुपये घेतले. तेव्हा ते स्वस्तच होतं.

आता, घरात बेचाळीस इंची टीव्ही असताना हे आणायचं कारण काय? कारण आवाज. त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या कपाची, सेमीफायनल झाली होती, अर्जेंटिना आणि कोलंबिया. ब्राझिलियाचं स्टेडियम रिकामं. 1-1 बरोबरी, मग पेनल्टी. अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ समोरच्या प्रत्येकाला तोंडावर बोलून घेत होता आणि स्टेडियममध्ये माणूसच नसल्यामुळं त्याचा शब्दन्‌शब्द माइकमध्ये येत होता. 'बघ, खातो तुला,' असं म्हणून त्यानं कोलंबियाच्या येरी मिनाची पेनल्टी अडवली. एकूण तीन अडवल्या. आमच्या भाऊजींना स्पॅनिश ओ की ठो कळत नाही, पण ते टीव्हीला कान लावून बसले होते. शाहू स्टेडियमवर गोलपोस्टमागं उभं राहून जे ऐकू येतं ते पहिल्यांदा टीव्हीवर ऐकू आलं, असं त्यांचं म्हणणं. फायनल अर्जेंटिना-ब्राझील, तीही रिओच्या माराकाना मैदानावर. ती टीव्हीच्या डबड्यातून ऐकायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि मामांना फोन लावला.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की आमच्याकडं अर्जेंटिना आणि ब्राझील हे देश नाहीत, ती घरातली दोन घराणी आहेत. वर्ल्डकपला बोळाच्या एका तोंडाला निळा-पांढरा झेंडा आणि दुसऱ्या तोंडाला पिवळा लागतो. आमच्या घरात आबा, म्हणजे माझे सासरे, ब्राझील. तरुणपणी तालमीकडून गोलकीपर होते. 1982 च्या ब्राझीलचा विषय निघाला की झिको आणि सॉक्रेटिसची नावं घरातल्या माणसांसारखी घेतात. आमचे हे आबांच्या मागं, म्हणजे ब्राझील. भाऊजी मॅराडोनापासून अर्जेंटिना. पुतणी मेस्सी. नुसतं मेस्सी, देश नंतर. धाकटी जाऊ दवाखान्यात नर्स आहे, ती कुणाचीच नाही. मी इटलीची, आणि त्याचं कारण एकच, त्यांचा बॅक किएलिनी. कोपाच्या फायनलच्याच दिवशी रात्री लंडनच्या वेम्बलीवर युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या कपाची, फायनल होती, इंग्लंड आणि इटली. म्हणजे एका भाड्यात दोन फायनल. मी हिशेबाचंच काम करते. हे गणित मला लगेच पटलं.

मामा शनिवारी दुपारीच सामान घेऊन आले, कारण पाचनंतर रस्त्यावर पोलीस. शनिवार-रविवार अत्यावश्यक सोडून सगळं बंद असायचं तेव्हा. तोंडाला मास्क, हातात सॅनिटायझरची बाटली. प्रत्येक केबल पुसून आत आणली. चहा बाहेर पायरीवर बसून प्यायले. आमचं घर जुनं आहे, सोप्यात वर कौलं आणि मधे उजेडासाठी एक काचेचं कौल. पडदा टांगून झाल्यावर मामांनी वर बघितलं आणि विचारलं, "मॅच किती वाजता?"

"पहाटे साडेपाच."

"मग ह्या काचेचं काय करणार वहिनी?"

आमच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. सव्वासहाला उजाडणार, काचेतून उजेड थेट पडद्यावर. पाऊस भुरभुरत होता तरी मामा स्वतः शिडी लावून वर गेले आणि काचेवर ताडपत्रीचा तुकडा टाकून, दगड ठेवून आले. पाय घसरेल म्हणून आबा खालून ओरडत होते. हे काम पॅकेजमध्ये नव्हतं, त्याचे पैसेही घेतले नाहीत. चारपैकी दोन गुण मी तिथंच दिले.

चित्राबद्दल. प्रोजेक्टर साधारण तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). अंधारात झकास, रंग भडक नाहीत, हिरवळ हिरवळीसारखी दिसते. पण ताडपत्री घातली तरी जुन्या घराला फटी किती असतात! सहानंतर दारातून, खिडकीतून, कौलांच्या सांध्यांतून उजेड झिरपायला लागला आणि अर्जेंटिनाचे निळे पट्टे हळूहळू पांढरे झाले. हाफटाइमपर्यंत ठीक होतं. त्यानंतर चेंडू दिसायचा तो माणसांच्या पळण्यावरून. पहाटेच्या सामन्यासाठी कुणी घेणार असाल तर खोली नीट बघून घ्या. दोन्ही दारांना जाड सतरंज्या लावल्याशिवाय उत्तरार्ध दिसणार नाही.

पडद्याला घड्या होत्या. वर्षभर गुंडाळून ठेवलेला पडदा, आडव्या-उभ्या रेघा पडलेल्या. त्यातली एक रेघ उजवीकडच्या पेनल्टी एरियाच्या थोडी अलीकडं यायची. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला रिचार्लिसननं गोल मारला, आबा आणि आमचे हे एकदम उभे राहिले, आणि लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड. रिप्लेमध्ये आबांनी काठी टेकत पडद्याजवळ जाऊन बोट लावून दाखवलं की खेळाडू रेषेच्या आत आहे. भाऊजी म्हणाले, "आबा, ती घडी हाय. पडद्याची." आबांना आजही ते मान्य नाही. एक गुण ह्याचा कापला.

आणि आवाज. मामा स्वतः डॉल्बीवाले, पण त्यांनी बेस जवळजवळ पूर्ण काढून टाकला होता, मधला आवाज वर केला होता. "रिकामं मैदान हाय न्हवं? तिथं पाय वाजत्यात. बेस लावला तर पाय मरतात." हे त्यांनी सेमीफायनल न बघता, फक्त भाऊजींच्या फोनवरच्या वर्णनावरून ओळखलं होतं. रिओच्या पालिकेनं फायनलला आमंत्रितांसाठी म्हणून जेमतेम दहा टक्के जागा उघडल्या होत्या. एवढ्या मोठ्या माराकानात ती माणसं कुठंतरी कोपऱ्यात. त्यामुळं सुरुवातीची वीस मिनिटं आमच्या सोप्यात शिट्टी, बुटावर बूट आदळल्याचा आवाज, आणि दोन्ही बाजूंचे कोच ओरडताना. ब्राझीलच्या फ्रेडला सुरुवातीलाच पिवळं कार्ड मिळालं तो फाउल आधी ऐकू आला, मग कळला.

बाविसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या दी पॉलनं मागून लांब पास टाकला. त्याच्या पायाचा तो ठोका मला अजून आठवतो. पण खरं सांगायचं तर त्या पासच्या आधीच समोरच्या बोळातून बोंब उठली होती. भाऊजींनी हट्टानं मोबाइलवरून मॅच जोडली होती, आणि मोबाइल डिशपेक्षा बराच मागं चालतो. सगळ्या पेठेनं गोल बघितला, मग आम्ही. ब्राझीलच्या रेनान लोदीच्या पायाखालून चेंडू निसटला, अर्जेंटिनाच्या दी मारियानं एकदा थांबवला आणि गोलकीपर एडरसनच्या डोक्यावरून अलगद आत टाकला. आम्हाला आधीच माहीत होतं की काहीतरी होणार आहे. मामांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "सेट-टॉप बॉक्सला जोडा, मोबाइलला नको." त्यात त्यांचा दोष नाही. रात्रीच्या मॅचला डिशला जोडलं आणि शेजाऱ्यांच्या बरोबरीनं ओरडलो.

शेवटी एक-शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मेस्सी एकटा गोलकीपरसमोर आला आणि पाय अडखळून पडला, तेव्हा पुतणीनं डोळे मिटून घेतले होते. शिट्टी झाली, मेस्सी गुडघ्यांवर बसला, सगळी टीम त्याच्याकडं धावली. 1993 नंतर अर्जेंटिनाचा पहिला मोठा कप. नेमार रडत होता. तेवढ्यात नाइट ड्युटी करून जाऊबाई आल्या, नेहमीप्रमाणं परसातच अंघोळ करून, ओले केस घेऊन सोप्याच्या दारात उभ्या राहिल्या. पुतणी ओरडली, "काकू, मी बोललो होतो की नाही!" जाऊबाई म्हणाल्या, "आवाज जरा बारीक करा, आजी झोपल्यात," आणि आत गेल्या.

खरी फायनल त्यानंतर जेवणावर झाली. आखाड लागला होता, रविवार होता, तांबडा-पांढरा होता, आणि बाहेर कुठं जायला बंदी. त्यामुळं वाद मिटायचं काही कारण नव्हतं.

आबांनी सुरुवात केली. ही फायनल खरी धरायचीच नाही. ब्राझीलनं कोपा आत्तापर्यंत पाच वेळा घरी भरवली. 1919, 1922, 1949, 1989, 2019. पाचही वेळा कप घरातच राहिला. सहाव्यांदा गेला, का? कारण घर नव्हतंच. खुर्च्या रिकाम्या. माराकाना म्हणजे काय, ती भिंती आणि गवत नव्हे, तिथं ओरडणारी माणसं. ती काढून घेतली की ब्राझील परक्या गावात खेळल्यासारखं. अर्जेंटिनानं कप जिंकला, पण मोकळ्या घरातून उचलला.

भाऊजी ह्याचीच वाट बघत होते. "आबा, 2014 ला बेलो होरिझोंतेत स्टेडियम फुल्ल होतं. जर्मनीकडनं सात घेतलं न्हवं?" आबांनी रस्सा ओरपला. "आणि 1950 ला माराकाना कसं भरलंवतं? उरुग्वेकडनं हरलाच की." 1950 हे आबांनी स्वतःच आम्हाला शेकडो वेळा सांगितलेलं, त्यांचंच हत्यार त्यांच्यावर. आमचे हे मध्ये पडले की पन्नासचं आणि चौदाचं प्रकरण दबावाचं होतं, गर्दीचं नव्हे. पुतणी म्हणाली, मेस्सीच्यासुद्धा मागं कोण होतं? त्याच्यापण खुर्च्या रिकाम्याच होत्या. मग दोन्हीकडून समान झालं ना.

जाऊबाई तोवर झोप काढून उठल्या होत्या. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळ्यांचा वाद एका बाजूला सारला. खुर्च्या भरल्या की रिकाम्या, हा प्रश्नच नव्हे म्हणे. ही स्पर्धा भरवलीच कशाला? कोलंबियात आंदोलनं पेटली म्हणून तिकडून काढली, अर्जेंटिनात कोरोना वाढला म्हणून उद्घाटनाला दोन आठवडे असताना तिकडूनही काढली. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला दिली? ब्राझीलला. स्पर्धा चालू असतानाच जिथं मेलेल्यांचा आकडा पाच लाखांवर गेला त्या देशाला. "आमच्या वॉर्डात एका माणसाला नीट निरोप देता येत न्हाई, आणि हे नारळ फोडायला निघालेत."

भाऊजी म्हणाले, ब्राझीलच्या खेळाडूंनीसुद्धा पत्रक काढून सांगितलं होतं की स्पर्धा भरवण्याला आमचा विरोध आहे, पण देशाच्या जर्सीला आम्ही नाही म्हणणार नाही. त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, कोर्टानं परवानगी दिली. आबांना हे ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "मग? पोरांनी विरोध केला, तरी खेळली. त्येला काय म्हणायचं?" जाऊबाई म्हणाल्या, "नोकरी. आम्हीपण तेच करतोय." त्यावर कुणी बोललं नाही. काही क्षण फक्त ताटं वाजत होती, आणि पुतणीनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

मला स्वतःला वाटतं की जाऊबाईंचा मुद्दा सगळ्यात भक्कम होता, आणि तरीही आम्ही सगळे पहाटे उठून ती मॅच बघितलीच. ही विसंगती मी इथं सोडवणार नाही. प्रोजेक्टरच्या परीक्षणात ती सुटतही नाही.

आबांनी मात्र हार मानली नाही. रात्री वेम्बली होतं, आणि तिथं गर्दी होती. त्यांनी पैज लावली: "आज बघा. साठ हजार माणूस मागं उभा राहिला की काय होतं ते." म्हणजे ब्राझीलचा पक्का भक्त आता इंग्लंडच्या बाजूनं बसणार, फक्त आपला मुद्दा सिद्ध करायला. पैजेत पुढच्या रविवारचं मटण. भाऊजी इटलीकडं आले, मी आधीपासून तिकडंच होते.

मामा संध्याकाळी फोनवर होते. ("काय वहिनी, माराकानात पाय वाजले काय?") आम्ही म्हटलं, वाजले, पण आता रात्री गर्दी आहे. त्यांनी फोनवरूनच मिक्सरची दोन बटणं फिरवायला सांगितली, बेस थोडा परत आणला, आणि वरचा आवाज कमी केला, कारण मोठ्या गर्दीचा आवाज स्पीकरमध्ये चिरका येतो. मध्यरात्रीनंतर शेजार झोपलेला असेल म्हणून जोराची मर्यादाही त्यांनीच सांगितली, बटणावर खडूनं खूण आधीच केली होती. त्याच्या पुढं जायचं नाही. ही अशी सेवा मी मोठ्या शोरूममध्येही बघितलेली नाही.

साडेबाराला सुरू झाली. स्टेडियममध्ये 67,173 माणसं. आत जायला लशीचा पुरावा किंवा निगेटिव्ह टेस्ट, असा नियम. आमच्याकडं लग्नाला पन्नास माणसांची परवानगी नव्हती आणि तिकडं एकाच्या खांद्यावर दुसरा. सोप्यात सगळ्यात आधी कुणी काय बोललं असेल, तर आजी. त्या जाग्या होत्या. "ह्यांच्यात मास्क न्हाई व्हय?" इटलीच्या राष्ट्रगीताला मैदानातून हुर्यो उठली, आणि मामांचे स्पीकर ती हुर्यो भिंतीपर्यंत घेऊन आले. सकाळच्या मॅचनंतर तो आवाज अंगावर आला. खोलीचं छत खाली आल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या ल्यूक शॉनं गोल मारला. युरोच्या फायनलमधला सगळ्यात लवकरचा गोल. आबा काही बोलले नाहीत, फक्त काठी जमिनीवर एकदा आपटली आणि भाऊजींकडं बघितलं. पुढचा तासभर आबांचा मुद्दा पडद्यावर दिसत होता: इंग्लंडची पोरं गर्दीवर स्वार होती. अंधारात चित्र अगदी स्वच्छ होतं हेही इथं नोंदवते. सकाळची आणि रात्रीची मॅच एकाच यंत्रावर बघितली असं वाटणार नाही, इतका फरक.

मग उत्तरार्धात बोनुचीनं बरोबरी केली. स्पीकरमधून इटलीच्या लोकांचा एक छोटा कोपरा ऐकू आला, बाकी सगळं मैदान गप्प. नव्वद मिनिटं संपता संपता इंग्लंडचा साका सुटला तेव्हा किएलिनीनं त्याच्या शर्टाची कॉलर मागून धरून त्याला ओढून थांबवलं. पिवळं कार्ड घेतलं, हसला. माझी निवड योग्य होती. आबांनासुद्धा हसू आलं. तालमीतला जुना बॅक असंच करायचा म्हणे.

पेनल्टीपर्यंत तीन वाजून गेले होते. इंग्लंडच्या मॅग्वायरनं पेनल्टी वरच्या कोपऱ्यात अशी मारली की जाळीतला कॅमेराच गेला. त्यानंतर रॅशफर्डची पोलला लागली, सांचोची अडवली. हे दोघं जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला, खास पेनल्टीसाठीच आत आणलेले. आबा गोलकीपर, ह्या बाबतीत त्यांच्या शब्दाला घरात अपील नसतं. "थंड पायानं पेनल्टी मारायला लावतंय व्हय कोण? पोरगं दोन तास बाकावर बसलंय, चेंडूला पाय लागला न्हाई, आणि म्हणे मार." पुढं इटलीच्या जोर्जिन्होची इंग्लंडच्या पिकफर्डनं अडवली, आबा परत सरळ बसले. शेवटची, पाचवी, साकाला. एकोणीस वर्षांचा पोरगा. इटलीचा गोलकीपर डोन्नारुमानं अडवली आणि चेहऱ्यावर काहीच न दाखवता चालायला लागला. आपण जिंकलोय हे त्याला कळलंच नव्हतं, असं त्यानं नंतर सांगितलं. पडद्यावर साठ-पासष्ट हजार माणसं आणि स्पीकरमध्ये जवळजवळ काही नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. भाऊजी मटणाची आठवण करून द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात आबा म्हणाले, "गर्दीनंच हरवलं पोराला. मोकळं मैदान असतं तर आत घातली असती." म्हणजे सकाळी गर्दी नव्हती म्हणून घरचा हरला, आणि रात्री गर्दी होती म्हणून घरचा हरला. भाऊजींनी कपाळाला हात लावला. मला तर हे मनापासून आवडलं. एकाच दिवसात दोन फायनल, एक रिकामी, एक भरलेली, दोन्हीकडं यजमान हरले. इतका चोख प्रयोग पुन्हा कुणाला करता येणार नाही. आणि तरी आबांचा सिद्धांत जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या त्या मात्र वादाच्या नव्हत्या. पेनल्टी हुकलेल्या तिघा काळ्या खेळाडूंना रात्रभर सोशल मीडियावर वर्णद्वेषी शिव्या. तिकीट नसलेली माणसं दारं तोडून वेम्बलीत घुसली होती; नंतर चौकशीच्या अहवालात अशी सुमारे दोन हजार माणसं आत गेल्याचा अंदाज आला. आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडच्याच आरोग्य यंत्रणेचा आकडा आला: त्या फायनलला मैदानात आणि आसपास सुमारे 2,295 बाधित माणसं असावीत आणि तिथून आणखी 3,404 जणांना लागण झाली असावी. मी तो जाऊबाईंना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "आणि माराकानाचा?" तिथला तसा आकडा मला मिळाला नाही. त्या म्हणाल्या, "बघ. मोजलं ते तरी कळलं."

2022 मध्ये कतारला मेस्सीनं वर्ल्डकप उचलल्यावर घरातला 'रिकाम्या स्टेडियमचा कप' हा विषय जवळजवळ बंद झाला. त्या फायनललाही मामांचाच सेट होता, पण ती रात्री साडेआठला होती, उजेडाचा प्रश्न आला नाही. ती पूर्ण पेठेनं एकत्र बघितली, आणि तेव्हा मामांनी भिंतीएवढे स्पीकर बाहेर काढले होते. ते वेगळंच प्रकरण, त्याचं परीक्षण पोलिसांनी केलं.

आता कामाचं. 2026 चा वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, म्हणजे आपल्याकडं बहुतेक सामने रात्री उशिरा, मध्यरात्रीनंतर आणि पहाटे. फायनल 19 जुलैच्या रात्री, म्हणजे 20 तारीख लागल्यावर साडेबाराला. पहाटेच्या सामन्यांसाठी हा प्रोजेक्टर घेणार असाल तर आधी खोलीत सकाळी सहाला जाऊन उभे राहा आणि उजेड कुठून येतो ते बघा. काचेचं कौल असेल तर मामांना आधीच सांगा, शिडी तेच आणतात. धंदा परत जोरात असल्यामुळं भाडं आता पंधराशेला मिळणार नाही, त्याच्या दुपटीच्या पुढंच धरा. अनामत पाचशे, रोख. सामान परत देताना तिथंच परत मिळते. प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येतो, त्यामुळं तो डोक्याच्या बाजूला ठेवू नका, मागं उंचावर ठेवा. छोटा यूपीएस ते सोबत देतात. आमच्याकडं लाइट गेली नाही, पण पावसाळ्यात तो नक्की मागून घ्या. मोबाइलवरून जोडू नका, डिश किंवा केबलच्या बॉक्सलाच जोडा, नाहीतर गोल शेजारी आधी बघतील. आणि पडदा एक दिवस आधी ताब्यात घेऊन टांगून ठेवा, खालच्या कडेला दोन विटा बांधा, म्हणजे घड्या मोडतील. घरात ब्राझीलवाला वयस्कर माणूस असेल तर हे विसरू नका.